पाठीतलं पाणी

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये धाराशिवकडून, विजयपूर-कलबुर्गीकडूनही पेशंट येतात. कधी यंत्रमागावरचा कामगार, कधी विड्या वळणारी बाई. दोन-तीन आठवडे अंगात बारीक ताप, डोकं ठणकतंय, उलट्या. मग माणूस असंबद्ध बोलू लागतो. डॉक्टरांना शंका येते ती मेंदूच्या टीबीची.

मेंदूभोवती असतं तेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं, म्हणून ते तपासतात. पण ‘पाठीतलं पाणी काढावं लागेल’ म्हटलं की नातेवाईक हबकतात. पाय लुळे पडतील ही भीती इथे मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूतही ऐकू येते. पण सुई टोचतात ती कमरेच्या खालच्या मणक्यांत. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो.

नळीतलं हे पाणी थोडा वेळ न हलवता ठेवलं, तर त्यात कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरतो. तो टीबीकडे बोट दाखवतो. जंतू मात्र इतके थोडे, की स्लाइडवर बहुतेक वेळा सापडतच नाहीत. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, कित्येक आठवडे जातात, आणि मेंदूला तेवढी सवड नसते.

इथे कामी येतो पीसीआर. जंतू वाढवत बसायचं नाही. त्याच्या डीएनएचा नेमका तुकडा पकडून कोट्यवधी प्रती काढायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मान्यता दिलेलं सीबीनॅट हे पीसीआरचंच मशीन साधारण दोन तासांत टीबी सांगतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. 2017 मध्ये शिफारस झालेली ‘अल्ट्रा’ चाचणी त्याहून कमी जंतू पकडते.

आणि टीबी नसेल तर? मेंदूत गळू झालंय, पण आधीच अँटिबायोटिक दिल्यामुळे कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. अशा वेळी 16एस हे सगळ्याच जिवाणूंत असणारं जनुक वाचून जिवाणू नेमका कोणता ते ओळखता येतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या 14 वर्षांच्या मुलाचं निदान मेंदूचा तुकडा तपासूनही होत नव्हतं. पाठीतल्या पाण्यातला सगळाच डीएनए वाचला, तेव्हा 48 तासांत लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, म्हणजे लेप्टो, सापडला. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात ऐकू येतो तोच. पेनिसिलिनने मुलगा बरा झाला. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मशीन कितीही चांगलं असो, चार थेंबांत त्याला जंतू कुठून मिळणार? मोठ्या माणसाचं कमीत कमी सहा मिलिलिटर पाणी टीबीच्या तपासणीला जायला हवं. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर टीबीची औषधं चालू ठेवतात. ती घरच्यांनी बंद करू नयेत.