इंटरनेटबंदीचा आदेश वाचायचा कुठे?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सरकारने इंटरनेट कधीच बंद करू नये, असे मी म्हणणार नाही. दंगल पेटलेली असताना आणि खोट्या चित्रफिती गावोगाव फिरत असताना काही तासांपुरता हा उपाय प्रशासनाच्या हाती असावा, हे मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच आहे, की ज्या आदेशाने लाखो लोकांचे व्यवहार थांबतात तो आदेश त्यांना बहुतेक वेळा पाहायलाही मिळत नाही, आणि जो आदेश हाती नाही त्याविरुद्ध दाद मागायची तरी कशी?

2017 पर्यंत या कामासाठी स्वतंत्र नियमच नव्हते. जिल्हाधिकारी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जमावबंदीच्याच अधिकारात, इंटरनेटही बंद करत. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने 1885 च्या तार कायद्यातील कलम 5(2) च्या आधारे नियम केले. त्यानुसार असा आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांनीच काढायचा, त्यात कारणे नोंदवायची आणि पुनर्विलोकन समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत तो तपासायचा, असे ठरले. मात्र आदेश जनतेपुढे ठेवावा, असे या नियमांत कुठेही म्हटलेले नव्हते.

ही उणीव भरून काढली ती सर्वोच्च न्यायालयाने. 5 ऑगस्ट 2019 च्या कलम 370 संबंधीच्या निर्णयाच्या आदल्या दिवशी जम्मू-काश्मीरमधील संपर्कसेवा बंद झाल्या. ‘काश्मीर टाइम्स’च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांनी त्याविरुद्ध याचिका केली आणि 10 जानेवारी 2020 ला तिचा निकाल लागला. इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती आणि चालणारा व्यवसाय यांना घटनेच्या कलम 19 चे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी प्रमाणशीर असली पाहिजे आणि आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. एवढे सांगूनही न्यायालयाने तिथली सेवा स्वतः सुरू करून दिली नाही. फोर-जी परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडले. मधल्या काळात, मे 2020 मध्ये, दाद मागायला गेलेल्यांना न्यायालयाने केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे पाठवले. म्हणजे सरकारच्या निर्णयाची तपासणी सरकारच्याच सचिवांनी करायची!

निकालातील तत्त्व उत्तम आहे, पण प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत, जून 2023 मध्ये कोल्हापुरात आणि ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात इंटरनेट बंद झाले, ती गावे आपल्या ओळखीची आहेत. अशा वेळी भाजीच्या गाडीवर काय होते, याची कल्पना करा. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करते, पडद्यावरचे चक्र फिरत राहते, पैसे मिळाल्याची घोषणा करणारे यंत्र गप्प बसते आणि मोजून झालेली भाजी पुन्हा टोपलीत जाते. त्याच रस्त्यावरच्या इमारतीत ब्रॉडबँड असलेले कार्यालय मात्र अनेकदा सुरळीत चालू असते, कारण बंदी बऱ्याचदा फक्त मोबाइल डेटावर असते. देशातील 95 टक्क्यांहून अधिक इंटरनेट जोडण्या बिनतारी आहेत, त्यामुळे ‘फक्त मोबाइल’ या शब्दांत जवळजवळ सगळे ग्राहक येतात. त्यातही ज्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही, त्यांना फटका अधिक बसतो.

जे आदेश पाहायला मिळतात त्यांची भाषा ठरावीक साच्याची असते: समाजकंटक अफवा पसरवण्याची शक्यता आहे, कायदा व सुव्यवस्था बिघडू शकते, सबब सेवा स्थगित. एखाद्या विशिष्ट भागातच बंदी का पुरली नसती, कमी कठोर उपाय आधी करून पाहिला होता का, यांवर अवाक्षरही नसते. राजस्थानने सप्टेंबर 2021 मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेसाठी आणि आसामने ऑगस्ट 2022 मध्ये नोकरभरतीच्या परीक्षेसाठी मोबाइल इंटरनेट बंद केले. कायद्याला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता अपेक्षित आहे. प्रश्नपत्रिका फुटू नये म्हणून सगळ्या जिल्ह्याचे इंटरनेट तोडणे यात कसे बसते, ते मला तरी समजलेले नाही.

मणिपूरमध्ये 3 मे 2023 पासून सुरू झालेली बंदी तर पाच-पाच दिवसांच्या मुदतवाढी घेत, मधल्या थोड्या खंडाचा अपवाद सोडता, महिनोन्‌महिने चालली. एका आदेशाची कमाल मुदत पंधरा दिवस, ही सुधारणा नोव्हेंबर 2020 मध्येच झाली होती. पण ओळीने आदेश काढत गेले की ती मर्यादा कागदावरच राहते.

डिसेंबर 2021 मध्ये शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने या विषयावर अहवाल दिला. देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद ना गृह मंत्रालय ठेवते ना दूरसंचार विभाग, हे त्यातून उघड झाले. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत, असे उत्तर समितीला मिळाले. बंदीने दंगल आटोक्यात येते की नाही, हे नोंदीच नसताना कुणी कशाच्या आधारे सांगायचे? राज्याच्या पुनर्विलोकन समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव असतात. गृहसचिव त्यात नसतात हे खरे, पण रोज एकत्र काम करणारे अधिकारी एकमेकांचा आदेश रद्द करतील, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. त्यात एखादा निवृत्त न्यायाधीश तरी असावा.

आता 2023 चा दूरसंचार कायदा आला आहे आणि त्याखालील नोव्हेंबर 2024 च्या नियमांत कारणे, क्षेत्र आणि मुदत नमूद करून आदेश प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. समितीची रचना मात्र अधिकाऱ्यांपुरतीच राहिली आहे. आदेश जाहीर केल्याने उपद्रवी लोक सावध होतात, असा युक्तिवाद प्रशासनाकडून ऐकू येतो. इंटरनेट गेल्याचे पाच मिनिटांत सगळ्या शहराला कळते, मग सावध व्हायचे कोण राहिले? शिवाय प्रसिद्धी म्हणजे संकेतस्थळावर एक फाइल टाकणे, असे मानले तर ज्याचे इंटरनेट बंद आहे तोच ती उघडू शकणार नाही. आदेशाची प्रत तहसील कार्यालयाच्या आणि पोलीस ठाण्याच्या फलकावर लावावी, आकाशवाणीवर वाचून दाखवावी, स्थानिक वर्तमानपत्रात छापावी. यातून कोणती सुरक्षितता धोक्यात येते, हे अजून कुणी मला पटवून दिलेले नाही.