सावकाश जाणारी बोट

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ग्रीक बेटं : बोटीने आणि कमी खर्चात’. खर्चाचं मी सांगणारच आहे, पहिल्या रांगेत वह्या उघडलेल्या दिसताहेत. पण आधी बोटींबद्दल बोलू द्या, कारण कोणत्या बोटीत बसता यावर खर्चही ठरतो आणि काय बघायला मिळणार तेही.

अथेन्सचं बंदर पिरेअस. 2022 पासून विमानतळावरून थेट मेट्रो तिथपर्यंत जाते. बंदर एवढं पसरलंय की फाटकांना ई-1 ते ई-12 असे क्रमांक आहेत. क्रीट बेटाची बोट एकीकडून, सिक्लाडिस या बेटांच्या समूहाची दुसरीकडून, एजिनासारख्या जवळच्या बेटांची तिसरीकडून. तेव्हा तिकीट काढतानाच फाटक विचारून ठेवा, नाहीतर बॅग ओढत घामाघूम व्हाल आणि बोट डोळ्यांदेखत सुटेल.

बोटी दोन तऱ्हांच्या. एक जलद कॅटामरान, म्हणजे जोडतळाची वेगवान बोट, दुसरी नेहमीची मोठी जहाजं, ज्यांच्या पोटात ट्रक, गाड्या, कलिंगडांचे टेम्पो सगळं जातं. पिरेअसहून सिक्लाडिसमधल्या नाक्सोस बेटाला मोठं जहाज पाच तासांच्या वर घेतं, कॅटामरान दीड-दोन तास वाचवते आणि त्यासाठी बऱ्याचदा जवळजवळ दुप्पट पैसे घेते. वर तुम्हाला काचेआड खुर्चीत बसवून ठेवते. समोर एजियन समुद्र, आणि वारा म्हणून तोंडावर येतो तो एसीचा! माझं ठाम मत आहे की ग्रीसला जाऊन डेकवर न बसणं हा स्वतःवर केलेला अन्याय आहे. मोठ्या जहाजाचं सगळ्यांत स्वस्त तिकीट डेकचंच असतं. म्हणजे उत्तम जागा सर्वांत कमी पैशात. हे मी जिथे जातो तिथे सांगतो, आज तुमची पाळी.

आता वाऱ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आकाश निळंशार, ढगाचा ठिपका नाही, आणि समुद्र मात्र पांढरा फेसाळलेला. वाऱ्याने ठरलेली मर्यादा ओलांडली की बोटी बंदरातच थांबवतात. कॅटामरान आधी थांबतात, मोठी जहाजं त्यानंतर. यावर कोणी हुज्जत घालत नाही. 26 सप्टेंबर 2000 च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ हे जहाज पारोस बेटाजवळ खडकावर आदळून बुडालं, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर तिथले नियम आणखी कडक झाले. आपल्याकडे 17 जुलै 1947 ला ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली, 600 हून जास्त माणसं गेली. त्या आठवणी ज्यांच्या घरात अजून आहेत अशी मंडळी इथे बसलेली असतील. बोट सुटत नाही म्हणून चिडावंसं वाटलं तर तेवढं आठवा.

तर नाक्सोसला आम्ही असेच अडकलो होतो. धक्क्याच्या टोकाला छोट्या बेटावर अपोलोच्या मंदिराचा प्रचंड संगमरवरी दरवाजा उभा आहे, इसवीसनपूर्व सहाव्या शतकातला. मंदिर कधी पूर्ण झालंच नाही, फक्त चौकट राहिली. त्या चौकटीच्या आडोशाला उभं राहून माणसं फोनवर वाऱ्याचे आकडे बघत होती. दुपारी बातमी आली की वारा पडतोय, ‘स्कोपेलितिस’ सुटणार.

‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ हे नाव ध्यानात ठेवा. नाव एक्सप्रेस, पण बोट छोटी आणि चाल अगदी निवांत. नाक्सोसहून निघून इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, काही दिवशी दोनूसा, असं एकेक चिमुकलं बेट घेत ती अमोर्गोस बेटाला जाते. यांतल्या बेटांवर कायमची वस्ती शे-दोनशे माणसांची, कुठे थोडी जास्त. त्यांचं सगळं या बोटीवर चालतं.

आम्ही चढलो तेव्हा गाड्यांच्या जागेत एक नवा फ्रिज दोरीने बांधून ठेवला होता, शेजारी पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, सिमेंटची पोती आणि बादलीत तुळशीसारखं एक रोप. त्याच्याजवळ एक आजीबाई बसल्या होत्या, काळे कपडे, मांडीवर औषधांची पिशवी. बोट खाडीतून बाहेर पडली आणि हलायला लागली. ज्यांना बोट लागते त्यांचे चेहरे उतरले. आजीबाईंनी पिशवीतून लिंबू काढलं, नखाने साल खरवडली आणि शेजारच्या फिकट पडलेल्या मुलीच्या नाकाशी धरलं. एक शब्द बोलल्या नाहीत.

इराक्लियाला बोट धक्क्याला लागते ती पाहण्यासारखी. कप्तान पाठमोरी बोट आत घेतो, मागची फळी हवेत अर्धी खाली आलेली, खलाशी दोर फेकतो, धक्क्यावरचा माणूस तो खुंट्याला अडकवतो. फळी सिमेंटला टेकते न टेकते तोच माणसं चालायला लागतात. फ्रिज चार जणांनी उचलला. पाचवा नुसताच सूचना देत होता, आपल्याकडेही असतो तो. पत्र्याचा एक डबा खलाशाने नाव न विचारता एका मुलाच्या हातात ठेवला. काही मिनिटांत फळी वर, बोट पुढे.

आपल्याकडे हे होतं, मंडळी. भाऊच्या धक्क्यावरून गोव्याकडे जाणारी बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले घेत जायची. बोट बाहेर उभी राहायची, पडाव यायचे, आंब्याच्या करंड्या नि पोरंबाळं हातोहात उतरायची. आपण ती जाऊ दिली. ग्रीसमध्येही छोट्या बेटांच्या फेऱ्यांतून नफा होत नाही. पण तिथे सरकार अशा मार्गांना अनुदान देतं, हिवाळ्यात बोटीत दहा माणसं असली तरी ती जावी म्हणून. बोट थांबली तर शाळा, डॉक्टर, किराणा, सगळंच थांबेल हे त्यांनी ओळखलं. म्हणून मी म्हणतो, स्वस्तात फिरायचंय ना, मग याच बोटींत बसा. तुमच्या तिकिटाने बोटीला चार पैसे मिळतात आणि तुम्ही तिथल्या माणसांच्या मांडीला मांडी लावून जाता. उलट क्रूझचे पाहुणे जहाजावरच जेवतात, जहाजावरच झोपतात, आणि काही तासांपुरते सांतोरिनीच्या गल्ल्या तुडुंब भरून टाकतात. जुलै 2025 पासून सांतोरिनी आणि मिकोनोसला क्रूझने उतरणाऱ्याला ऐन हंगामात 20 युरो भरावे लागतात. बरं झालं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं उरली म्हणतात, तर आता वह्यांचं काम.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, शुल्क 90 युरो, आणि अर्जाला मुक्कामाची आरक्षणं जोडावी लागतात. ती मोफत रद्द करता येतील अशीच घ्या, म्हणजे वाऱ्याप्रमाणे बेत बदलता येतो. काळ मे-जून किंवा सप्टेंबर. खोल्या स्वस्त, समुद्र बराच शांत. 15 ऑगस्टच्या आसपास मुळीच नको. त्या दिवशी येशूच्या आईचा, मरियमचा सण असतो, तिनोस बेटावरच्या देवळाकडे भाविक गुडघ्यांवर रांगत जातात, बोटी खचाखच भरतात. श्रद्धेने जाणार असाल तर तिकीट खूप आधी काढा.

बेटं कमी ठेवा आणि एकाच ओळीतली निवडा : सिरोस, पारोस, नाक्सोस, मग छोटी बेटं, शेवटी अमोर्गोस. वेगवेगळ्या समूहांत उड्या मारायला गेलात तर पुन्हा पुन्हा पिरेअसला यावं लागतं आणि पैसे तिथेच जातात. क्रीटला जायचं तर रात्रीचं जहाज घ्या : संध्याकाळनंतर सुटतं, पहाटे पोचतं, हॉटेलची एक रात्र वाचते. डेकवर पहाटे गारठा असतो, शाल हाताशी ठेवा.

खोल्यांसाठी धक्क्यावर पाट्या घेतलेले घरमालक अजूनही भेटतात. हंगाम नसेल तर भाव करता येतो. जेवणात शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. बेकरीत पालक भरलेली स्पानाकोपिता, चीज भरलेली तिरोपिता, आणि हॉटेलात फावा मागा, ती पिवळ्या डाळीची घोटून केलेली असते, वर कच्चा कांदा नि ऑलिव्ह तेल. बेटावर फिरायला केटेल नावाची बस बहुतेक मोठ्या बेटांवर आहे, थोड्या युरोंत गावोगाव नेते.

वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा मिळते. हे दोन्ही तुमचे हक्क आहेत, खिडकीवर शांतपणे मागा. मात्र चुकलेल्या विमानाचे पैसे बोटवाले देत नाहीत. म्हणून शेवटची रात्र अथेन्सलाच काढायची, परतीची बोट विमानाच्या आदल्या दिवशीची घ्यायची, आणि जुलै-ऑगस्ट असेल तर दोन दिवस आधीची.