‘शाळेचा निळा’ म्हणजे कोणता निळा?

सोलापूरच्या श्रोतेहो, नमस्कार.

सकाळची घंटा होते, मैदानावर परिपाठाच्या रांगा लागतात आणि सहावीच्या रांगेतून एका मुलाला बाजूला काढलं जातं. त्याची पँट निळीच आहे, पण ‘शाळेची निळी’ नाही. दुपारी त्याची आई शाळेत येते. हातात दुकानाची पावती, तिच्यावर ‘नेव्ही ब्ल्यू’ असं स्पष्ट लिहिलेलं. बाई म्हणतात, “अहो ताई, शेजारच्या मुलाची पँट बघा आणि याची बघा.” आई म्हणते, “दुकानात तर अगदी सारखी दिसत होती.” दोघीही खरं बोलतात. वाद मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत जातो आणि मुलाचे दोन तास बुडतात.

गणवेशावरून शाळा आणि पालकांत होणारी भांडणं बरीचशी अशीच असतात. शिस्त नको असं फारसं कुणी म्हणत नाही. भांडण होतं ते नियम अर्धवट लिहिलेला असतो म्हणून. आज बोलायचं आहे ते त्या अर्धवट नियमाबद्दल.

आधी हा निळा रंग. शाळेच्या पँटचं कापड बहुधा पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्र धाग्याचं असतं, शर्टाचं पॉलिएस्टर आणि सुताचं. अशा मिश्रणातल्या दोन धाग्यांना एकच रंग लागत नाही. पॉलिएस्टरचा रंग वेगळा, तो दाबाखाली १३० अंशांच्या आसपास चढवावा लागतो; सूत आणि व्हिस्कोसचा रंग वेगळा. म्हणजे एकाच कापडात दोन रंग मिळून तो एक निळा तयार होतो. रंगाचा लॉट बदलला की छटा थोडी हलते. धुण्यात आणि उन्हात सुती किंवा व्हिस्कोसचा भाग आधी फिका पडतो, पॉलिएस्टर टिकून राहतं. जूनमध्ये सारखी दिसणारी दोन कापडं दिवाळीनंतर वेगळी दिसायला लागतात ती यामुळे. आणखी एक गोष्ट आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन निळे उन्हात जुळतीलच असं नाही. कापड घेताना दुकानाच्या पायरीवर येऊन उजेडात बघावं, ते यासाठी.

हे सोलापूरला नव्यानं सांगायला नको. इथं शिवलेले गणवेश राज्याबाहेरच्या शाळांपर्यंत जातात. कारखान्यात बाहेरगावच्या शाळेची ऑर्डर येते तेव्हा तिच्या कागदावर सगळं असतं: कापडात कोणता धागा किती टक्के, शेड नंबर म्हणजे रंगछटेचा क्रमांक, पन्हा, खिसे किती, बटण कोणतं, बिल्ला कुठं, आणि सोबत टाचणीनं लावलेला कापडाचा तुकडा. त्यातलं एक जरी राहिलं तरी कटिंग मास्टर कात्री हातात धरत नाही. आणि आपल्याच गावात पालकांना जी सूचना मिळते तिच्यात काय असतं? ‘विद्यार्थ्यांनी शाळेच्या नियमानुसार स्वच्छ गणवेशात यावे.’ बस्स.

शाळेनं पालकांना तसाच ऑर्डरचा कागद द्यावा, हे आमचं सांगणं आहे. एक पान पुरतं. शर्टाचा आणि पँटचा शेड नंबर. धाग्याचं प्रमाण, शर्टाला ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत, किंवा जे असेल ते. मूळ कापडाचा वीतभर तुकडा कार्यालयात जपून ठेवलेला, कपाटात, उन्हापासून दूर. आणि किती फरक चालेल तेही लिहावं. ‘धुऊन फिका पडलेला त्याच शेडचा कपडा चालेल’ हे एक वाक्य वर्षभरातली निम्मी कटकट वाचवतं.

लांबीचंही तसंच. ‘स्कर्ट योग्य लांबीचा असावा’ यातलं योग्य कुणाचं? ‘गुडघ्याच्या मध्यापासून दोन इंच खाली’ असं लिहिलं तर टेपनं मोजता येतं. नाहीतर एका बाईंना चालतं आणि दुसऱ्या बाईंना चालत नाही, आणि मुलीला सगळ्या वर्गासमोर लाजल्यासारखं होतं. दहा ते चौदा या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर सहज वाढतं, काही मुलं त्याहून जास्त. मे महिन्यात बेतानं घेतलेली पँट डिसेंबरात घोट्याच्या वर जाते. शिंप्याकडे शिवत असाल तर पायाला आत तीन इंच दुमड आणि कमरेला मागच्या शिवणीत इंचभर माया ठेवायला सांगा. तयार कपड्यात ही दुमड बहुधा इंचभरच असते, घेताना उलटून बघा. दुमड सोडल्यावर जुनी रेघ दिसते. पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं वर ठेवून इस्त्री फिरवली की ती बरीच बसते. अशी रेघ असलेली पँट ‘नीटनेटकी नाही’ म्हणून कुणी काढायला लावू नये. त्या घरानं पैसे जपलेत, एवढंच.

आता चुण्या. मुलींच्या पिनोफ्रॉकला किंवा स्कर्टला सगळीकडून बॉक्स प्लीट, म्हणजे दोन्ही बाजूंनी दुमडलेल्या रुंद चुण्या, टाकायच्या ठरवल्या तर कमरेच्या तिप्पट घेर लागतो. चोवीस इंच कमरेला बहात्तर इंच कापड. त्याऐवजी पुढे दोन आणि मागे दोन चुण्या घेतल्या तर घेर पुरेसा राहतो, मुलीला पळता येतं, कापडही बरंच वाचतं आणि इस्त्री पाच मिनिटांत होते. चित्रात छान दिसतो म्हणून नमुना ठरवणाऱ्या समितीत एखादा शिंपी बसवला तर हे तिथंच कळेल. मुलींना सलवार किंवा पँट घालायची मुभा का नसावी, याचंही पटेल असं उत्तर सहसा मिळत नाही. जुळे सोलापूरसारख्या उपनगरातून सायकलवर येणाऱ्या मुलीला विचारा.

शिवाय आपलं ऊन. सोलापुरात मार्चपासूनच चटका बसतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो. शंभर ग्रॅम कोरडं सुती कापड हवेतला सात-आठ ग्रॅम ओलावा धरतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणून पॉलिएस्टर जास्त असलेला शर्ट घामानं अंगाला चिकटतो, मानेवर आणि काखेत घामोळं उठतं. त्यावर नायलॉनचा टाय, कमरेला रेक्झिनचा पट्टा, पायात बंद काळे बूट. मग मूल शेवटच्या तासाला फळ्याकडे बघेल की कॉलर सैल करेल? निदान फेब्रुवारीनंतर टाय आणि ब्लेझर बंद, सँडल चालतील, असा उन्हाळी नियम लिहून ठेवायला काय हरकत आहे? शुद्ध सुती शर्ट पहिल्या धुण्यात आटतो, म्हणून कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवूनच बेतावं. तो चुरगळतो, ही शाळांची तक्रार खरी आहे. आमच्या मते चुरगळलेला शर्ट घामोळ्यापेक्षा बरा.

पाण्याचंही बोलायला हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. पिंपात साठवलेल्या पाण्यात रोज पांढरा शर्ट धुणं म्हणजे काय, ते विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या किंवा अक्कलकोट रोडच्या वस्तीतल्या आईला विचारावं. तरी शाळेचं वेळापत्रक असं असतं: चार दिवस नेहमीचा ड्रेस, बुधवारी हाऊसचा, म्हणजे शाळेतल्या आपल्या गटाचा, रंगीत टी-शर्ट, शनिवारी पांढरा पीटीचा ड्रेस आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. हिशेब करा. नेहमीचे दोन जोड, हाऊसचा एक, पांढरा एक, बुटांचे दोन. घरात दोन भावंडं असली की हे सगळं दुप्पट. आणि हाऊसचा रंग लाल की हिरवा हे शाळा ठरवते, त्यामुळे थोरल्याचा टी-शर्ट धाकट्याला चालेलच असं नाही. हाऊसचा टी-शर्टच शनिवारी पीटीला चालवला तर कपड्यांचा एक जोड आणि बुटांचा एक जोड तिथंच कमी होतात.

सगळ्यात जास्त तापतं ते दुकानावरून. अमुकच दुकानातून घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. तसा शासन निर्णय महाराष्ट्रात जून २००४ पासून आहे. सीबीएसईनंही एप्रिल २०१७ मध्ये संलग्न शाळांना हेच बजावलं होतं. पण सक्ती नेहमी शब्दांत नसते. शाळा स्वतःसाठी खास चौकडा विणून घेते. तो चौकडा गिरणी काही शे मीटरच्या खाली विणत नाही, मग एकच व्यापारी तो सगळा माल उचलतो आणि तो चौकडा दुसरीकडे मिळतच नाही. शाळा ‘कुठूनही घ्या’ म्हणते, आणि नव्या पेठेतली दहा दुकानं फिरून पालक पुन्हा त्याच दुकानात जातात. उपाय सोपा आहे. कापड बाजारात सगळीकडे मिळणारं साधं घ्यावं, आणि शाळेची ओळख म्हणून फक्त खिशावरचा विणलेला बिल्ला शाळेनं मूळ किमतीत द्यावा. बिल्ला उसवून पुढच्या वर्षीच्या शर्टावर लावता येतो.

शाळेच्या बाजूनंही दोन शब्द. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सहलीला नेताना, बसमध्ये चढवताना, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतून आणताना गणवेशच मुलं ओळखायला मदत करतो. गेटवर बाहेरचं कुणी शिरलं तर लगेच दिसतं. आणि ज्या वर्गात कारखानदाराचा मुलगा आणि विडी कामगाराची मुलगी शेजारी बसतात, तिथं एकसारख्या शर्टाचं मोल मोठं आहे. काही पालक मुद्दाम ब्रँडचे बूट घालून पाठवतात आणि वर वाद घालतात, तेही बरोबर नाही. ‘काळे, साधे, कोणत्याही कंपनीचे’ असा नियम असेल तर तो पाळावा.

केस, टिकली, बांगड्या, मेंदी, गजरा यांची यादी आधीच करावी. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं एका गल्लीत राहतात. तिरुपतीला जाऊन मुंडण केलेली मुलगी सोमवारी शाळेत येते, तिला टोपी किंवा रुमाल बांधायची परवानगी त्या दिवशी गेटवर ठरवायची नसते. सणाची मेंदी आठवडाभर निघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. डोक्यावरच्या स्कार्फचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. शाळेच्या रंगाचा स्कार्फ चालेल असं अनेक ठिकाणी सामोपचारानं ठरतं, तसं ठरवता येतं.

एका बाबतीत मात्र वाद नको, ती म्हणजे शिक्षा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी. उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर केस कापणं, वर्गाबाहेर बसवणं, परीक्षेला न बसू देणं, हे सगळं त्यात येतं. कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढताही येत नाही. आणि बूट काळे नाहीत म्हणून आठ-नऊ वर्षांच्या पोराला एकट्याला घरी पाठवणं तर फार धोक्याचं. आई-वडील कामावर, घराला कुलूप, मधे सात रस्त्याचा चौक. गणवेश मुलाला पालक घेऊन देतात, मग चूक झाली तर चिठ्ठी पालकांना जावी, मूल वर्गात बसलेलं असावं.

तक्रार करायची वेळ आली तर आधी वर्गशिक्षकांशी बोला, दाराशी मोठ्यानं नको. मग मुख्याध्यापकांना पत्र. त्यात तारीख, इयत्ता, तुकडी, कोणता नियम, काय घडलं आणि तुम्हाला काय हवं, एवढंच लिहा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं होतं. खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा आणि त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या काढून निवडायची असते. विषय तिथं मांडा. सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिथंही उत्तर मिळालं नाही तर तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, महापालिकेच्या शाळेसाठी तिथले प्रशासन अधिकारी, आणि जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, प्राथमिक किंवा माध्यमिक. मुलाला मारहाण किंवा छळ झाला असेल तर वाट बघू नका, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

जिल्हा परिषदेच्या शाळांचा अनुभव ताजा आहे. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश, कापड एकीकडून, शिलाई बचत गटांकडून, असं केलं. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, मापात बसले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. दोन जोडांसाठी मुलामागे ६०० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण माप मुलाच्या अंगावर घेतलं जातं, हा फरक मोठा आहे.

गणवेश बदलायचा असेल तर शाळेनं फेब्रुवारीच्या पालकसभेत सांगावं. कापड, कटिंग, शिलाई, काज-बटण, सगळं धरून जूनच्या मध्यापर्यंत माल हातात यायला तेवढा वेळ लागतोच. मे महिन्याच्या शेवटी निघालेली सूचना पालकांना मिळेल ते, मिळेल त्या भावात घ्यायला लावते. नवा ड्रेस यंदा फक्त पहिली आणि पाचवीला सुरू करावा, बाकीच्यांचा जुना दोन वर्षं चालू द्यावा. आणि सभेत कापडाचे नमुने ठेवले असतील तर ते सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका. हातात घेऊन मैदानावर जा, उन्हात बघा. मुलं सकाळी तिथंच उभी राहणार आहेत.

नमस्कार.