परक्या शहरातली मातीची वाट

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय छापला आहे तो असा: अनोळखी शहरात गेल्यावर धावण्यासाठी डांबराबाहेरची वाट कशी शोधायची. समोर सगळे धावणारेच बसले आहेत, त्यामुळे मातीवर का धावायचं हे मी सांगत बसत नाही. ओल्या पानांच्या थरावरून एकदा जरी धावला असाल, तरी बाकीचं तुमच्या गुडघ्यांनी तुम्हाला सांगितलेलं असणार.

मला मुख्य म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. शहराला जिथे बांधता आलं नाही, तिथे वाट शिल्लक राहते. उतार फार तीव्र म्हणून, पुराचं पाणी येतं म्हणून, धरणाचं पाणलोट क्षेत्र म्हणून, कधीकाळी रेल्वे धावायची म्हणून. परक्या शहरात पोचलात की बागा शोधू नका, अडचणी शोधा. हे मला कुणी शिकवलं ते आता सांगते.

शहराचं नाव सांगत नाही, हॉटेलचंही नाही. तीन दिवसांचं काम होतं. संध्याकाळी पोचले आणि रिसेप्शनवर विचारलं, ‘सकाळी धावायला कुठे जाऊ?’ तिथली मुलगी छान हसली आणि म्हणाली, ‘खाली जिम आहे, चोवीस तास उघडी असते.’ मी म्हटलं, बाहेर धावायचंय. तिने नकाशाची झेरॉक्स काढली आणि निळ्या पेनाने एक चौकोन काढून दिला: हॉटेल, सिग्नल, मॉल, सिग्नल, परत हॉटेल. असा चौकोन इथे किती जणांना मिळालाय? हात वर करा बघू. बघा, मागच्या रांगेपर्यंत हात आहेत!

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला तसं कुणी सांगितलेलंच नव्हतं. पण ही माझी फार जुनी तक्रार आहे आणि आज ती या खोलीत मांडतेच. हॉटेलांत छत्री मिळते, इस्त्री मिळते, प्लगचे अडॅप्टर मिळतात. जवळची मातीची वाट कुठे आहे, तिथे कोणती ट्राम जाते, पहाटे फाटक कधी उघडतं, एवढं लिहिलेला एक कागद कुठेच मिळत नाही. एका कागदाचं काम आहे. तुमच्यापैकी कुणी या व्यवसायात असाल तर उद्याच करा, माझी कळकळीची विनंती आहे.

तर मग मी फोन उघडला. धावा नोंदवणाऱ्या स्ट्राव्हा अॅपचा हीटमॅप तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. लोकांनी नोंदवलेल्या धावा एकावर एक रचल्या जातात आणि जिथे गर्दी जास्त तिथली रेघ उजळते. नदीकाठची रेघ लखलखत होती. पावणेसहाला निघाले. सहा किलोमीटर नुसत्या फरशा. नदी सुंदर, हवा सुंदर, पायाखाली काँक्रीट. शेवटी जिथे ती रेघ नदी सोडून हिरव्या भागात वळत होती, तिथे फाटक, फाटकाला कुलूप आणि काम चालू असल्याची पाटी. पाटी बरीच जुनी होती, कोपरे गंजलेले. फोनवर उजळत होती ती पूर्वीच्या लोकांची पावलं.

हीटमॅप काय दाखवतो हे नीट समजून घ्या, कारण यात माझी एक अख्खी सकाळ गेली. माती चांगली कुठे आहे हे त्याला कळत नाही. घड्याळ लावून धावणारे लोक कुठे जातात, एवढंच त्याला कळतं. २०१८च्या जानेवारीत याच नकाशावर ओसाड वाळवंटात उजळलेली वर्तुळं लोकांच्या नजरेला आली आणि ती लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या धावांची निघाली. शहरातल्या उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे तिथली रेघ फिसकटते. मी आता उजळ रेघ बघतच नाही. हिरव्या भागात शिरणारा, मध्येमध्ये तुटलेला अंधुक धागा बघते. तिथे थोडेच लोक जातात, पण मुद्दाम जातात.

परत येताना सिग्नलला एक आजोबा उभे होते. हातात दोरी, दोरीला तपकिरी कुत्रा. त्याचे चारही पाय ओल्या चिखलाने माखलेले, पोटाखालच्या केसांत पाइनच्या सुया अडकलेल्या. रस्ता मात्र कोरडा ठणठणीत, पाऊस कित्येक दिवसांत नाही. चिखल अजून वाळला नव्हता, म्हणजे पायी जाऊन येण्याच्या अंतरात कुठेतरी ओली माती होती आणि पाइनची झाडं होती! मी तशीच घामेजलेली त्यांच्यासमोर उभी राहिले आणि कुत्र्याच्या पायांकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, मी तक्रार करतेय. भाषा येईना. मग मी जागच्या जागी धावून दाखवलं. आजोबा खुलले. त्यांनी काठीने ट्रामचे रूळ दाखवले, मग ‘शेवटचं’ अशी खूण केली, मग दोन्ही हातांनी गोल टाकीचा आकार, आणि मग हात तिरका खाली, खाली, खाली नेला.

दुसऱ्या दिवशी मी पहिली ट्राम पकडली. शेवटचा थांबा, मागे पाण्याची टाकी, टाकीमागे कठडा. कठड्यात एक माणूस जाईल एवढी मुद्दाम सोडलेली फट, आणि फटीतली माती वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. खाली घळ, घळीत ओढा, ओढ्याच्या कडेने वर जाणारी चार किलोमीटरची वाट. दोन्ही बाजूंना माथ्यावर इमारती होत्या, पण खाली त्यांचा आवाजसुद्धा पोचत नव्हता.

खोलीवर येऊन नकाशा पाहिला तर सगळं तिथेच होतं. अंगठ्यावरच्या रेषांसारख्या दाटलेल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, दाटल्या की तीव्र उतार; मधून निळा धागा, त्याच्या शेजारी तुटक रेघ.

म्हणून नकाशा वाचा. मी ओपनस्ट्रीटमॅप वापरते. तो २००४ साली सुरू झाला आणि जगभरातले हौशी लोक तो स्वतः चालून, फिरून भरतात. त्यामुळे गाड्यांच्या नकाशावर नसलेल्या बारीक वाटा तिथे सापडतात. त्यात ‘ट्रॅक’ म्हणजे आपली गाडीवाट, ‘पाथ’ म्हणजे पायवाट आणि ‘फूटवे’ म्हणजे बहुतेक वेळा बांधलेला पादचारी रस्ता. रेघेवर बोट ठेवलं तर बरेचदा पृष्ठभाग लिहिलेला असतो: माती, खडी, डांबर. खाजगी असेल तर बरेचदा तेही असतं, आणि ते पाळा. आपल्या भाषेत वहिवाट हा किती नेमका शब्द आहे! वापराने वाट होते आणि वापराने हक्कही येतो. पण तो तिथल्या लोकांचा हक्क आहे, आपण पाहुणे आहोत.

आता बांधता न आलेली शहरं बघा. हाँगकाँग म्हटलं की डोळ्यांसमोर इमारती येतात, पण तिथली सुमारे ४० टक्के जमीन कंट्री पार्कमध्ये, म्हणजे राखीव निसर्गक्षेत्रांत आहे, कारण डोंगर उभे आहेत आणि पावसाचं पाणी साठवायला पाणलोट राखावे लागले. १९७९ साली खुला झालेला १०० किलोमीटरचा मॅक्लेहोस ट्रेल तिथलाच. त्यावर दर ५०० मीटरला क्रमांकाचा खांब आहे. अडचण आली तर तो क्रमांक फोनवर सांगायचा. सिंगापूरमध्ये मॅकरिची जलाशयाभोवतीचं जंगल पाण्यासाठी राखलं म्हणून वाचलं. लंडनचा पार्कलँड वॉक म्हणजे बंद पडलेली रेल्वेची लाइन. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून अशा वाटांचा चढ इतका मंद असतो की पायांना जाणवतही नाही. कालव्याकाठच्या वाटा नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या, त्याही सपाट. बर्लिनचा टॉयफेल्सबर्ग हा डोंगरच मुळी महायुद्धातल्या पडझडीचा ढिगारा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर उंचीचा. आणि ट्रामचा शेवटचा थांबा कधी विसरू नका. व्हिएन्नात डी ट्रामने नुसडॉर्फला उतरलात की क्रमांक एकची शहरवाट तिथूनच सुरू होते. ऑस्लोत मेट्रोची पहिली लाइन फ्रोग्नरसेटेरेनला संपते आणि दारातच जंगल.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. पद्धतीबद्दल बोलायचं कबूल केलं होतं, ते भराभर सांगते.

अंतर ठरवताना चढ धरा. स्कॉटलंडच्या नेस्मिथने १८९२ साली चालणाऱ्यांसाठी नियम मांडला: पाच किलोमीटरला एक तास, आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. धावणाऱ्यांनी त्यातलं प्रमाण उचलायचं: १०० मीटर चढ म्हणजे साधारण ८०० मीटर जास्तीचं अंतर. बारा किलोमीटरच्या वाटेवर ५०० मीटर चढ असेल तर ती सोळाची धाव समजा, आणि सकाळची मीटिंग त्या हिशोबाने घ्या.

माणसं गाठा. शनिवार असेल तर पार्करन बघा. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावणाऱ्यांनी सुरू झालेली ही पाच किलोमीटरची मोफत धाव आता अनेक देशांत आहे. धावून झाल्यावर तिथे कुणालाही ‘रविवारी मातीवर कुठे जाता?’ एवढं विचारा. हॅश हाउस हॅरिअर्स हे धावणाऱ्यांचे गट १९३८ मध्ये क्वालालंपूरला सुरू झाले. त्यांच्यात एकजण पुढे जाऊन पिठाच्या खुणा टाकत जातो आणि बाकीचे वाट शोधत धावतात. पाहुण्यांचं तिथे स्वागत होतं. ओरिएंटियरिंगचा, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राने वाट शोधत धावण्याच्या खेळाचा, नकाशा हाती लागला तर सोनंच. त्यात पांढरं म्हणजे सहज धावता येईल असं मोकळं जंगल आणि गडद हिरवं म्हणजे शिरूच नये अशी झाडी. नवख्या माणसाला हे नेमकं उलटं वाटतं.

‘एकटी बाई परक्या गावात, भीती नाही वाटत?’ हे मला नेहमी विचारतात. वाटते. म्हणून सूर्योदयाची वेळ पाहून निघते, झाडीत अंधारात शिरत नाही. नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवते, कारण घळीत नेटवर्क नसतं. खोलीवरच्या किंवा कामावरच्या एका माणसाला वाट आणि परतायची वेळ लिहून देते. आणि अर्ध्या वेळेला मागे फिरते, वाट कितीही छान असली तरी. पुढचं वळण नेहमीच छान दिसतं.

शेवटचं, बुटांचं. परगावी जाताना आणि येताना तळवे घासून धुवा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या जंगलांत कौरी नावाचे प्रचंड वृक्ष मातीतून पसरणाऱ्या रोगाने मरत आहेत. म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासायला ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं. तिथे घाई करू नका, खाचांमधली माती काडीने काढा. त्या देशात उतरताना मातीचे बूट जाहीर करावे लागतात. मी केले होते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते पिशवीतून काढले, उलटे करून दिव्याखाली धरले, आत घेऊन गेला आणि थोड्या वेळाने धुऊन, ओले, माझ्या हातात आणून दिले.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.