चवथीनंतरचा महिना

हा गोव्यातल्या खाणींच्या भागातला उसगावचा रस्ता. लोहखनिज भरलेले ट्रक इथून एकामागोमाग नदीच्या धक्क्याकडे जायचे, तिथून बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, माल घेऊन मुरगाव बंदराकडे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. मग 7 फेब्रुवारी 2018 ला नूतनीकरण झालेले 88 खाणींचे भाडेपट्टे त्याच न्यायालयाने रद्द केले आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळं बंद झालं. याची झळ मोजायची कशी?

त्या वर्षांतही गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकांतच होतं. आकडा खोटा नव्हता. पण वेर्ण्यातले औषध कारखाने, कळंगुटची हॉटेलं आणि खाणींच्या डिचोली तालुक्यात दारात उभा राहिलेला ट्रक, यांची बेरीज करून भागाकार केला की डिचोली दिसेनाशी होते.

बँकेतल्या ठेवी बघाव्यात? तिथेही फसगत. आखातात आणि बोटीवर राबणाऱ्यांचा पैसा इथे येऊन पडतो. गावात काम नसलं तरी ठेवी वाढतात. बेरोजगारीचा आकडाही मुका, कारण ट्रकमालकाला कामावरून कोण काढणार? ट्रकच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

म्हणून आम्ही ट्रकच्या मागे जगणारी माणसं शोधत गेलो. टायरवाला, वेल्डर, नाक्यावरचं चहा-भजीचं हॉटेल. आणि भाड्याच्या खोल्या. माझी नजर आधी खोल्यांवर जाते. बाहेरून आलेला चालक गावी परतला की खोली रिकामी होते, आणि त्या भाड्यावर पुष्कळदा म्हाताऱ्या माणसांची औषधं चालायची. मंदी अशी घराच्या मागच्या दाराने येते. धूळ बसली, शेतांनी श्वास घेतला, हेही खरंच. ते नाकारून खाणींच्या भागाची गोष्ट सांगता येणार नाही.

आता ही चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची गर्दी. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं सामान, फटाके, नवे कपडे. बाजार फुललेला दिसतो. पण गोव्यात माणूस चवथीला हात आखडत नाही, घरात पैसा असो वा नसो. किराणावाल्याच्या वहीत उधारी चढते, देवासमोर मात्र काही कमी पडत नाही.

या गर्दीवरून निकाल देऊ नका. महिनाभराने इथल्या पतसंस्थेत या. सोनेतारणाच्या टेबलासमोर उभे राहा आणि मोजा: दागिना सोडवायला किती जण आले, ठेवायला किती.