गुणपत्रिका बाजूला ठेवून

श्रोतेहो, नमस्कार.

पुरुषांच्या फिगर स्केटिंगचा विषय निघाला की एक वाद ठरलेला: हान्यू मोठा की चेन? आकड्यांवर जायचं तर निकाल झटकन लागतो. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरु हान्यूने ३१७.८५ गुणांवर सुवर्ण जिंकलं. २०२२ मध्ये बीजिंगला अमेरिकेच्या नेथन चेनने ३३२.६० गुण मिळवले. पण मधल्या काळात नियम बदलले. उडीच्या दर्जासाठी पंच आधी उणे तीन ते अधिक तीन गुण देत, ते उणे पाच ते अधिक पाच झालं. पुरुषांच्या फ्री स्केटची, म्हणजे स्पर्धेतल्या दुसऱ्या, मोठ्या फेरीची वेळ साडेचारवरून चार मिनिटांवर आली. त्यामुळे या दोन बेरजांची तुलना मला पटत नाही. मी पाय बघते.

प्योंगचांगच्या तीन महिने आधी सरावात हान्यूचा उजवा घोटा दुखावला होता. उजवा, म्हणजे उडी मारून तो ज्या पायावर उतरतो तोच! फ्री स्केटमधली त्याची शेवटची उडी होती ट्रिपल लुट्झ, हवेत तीन गिरक्यांची. उतरताना तोल गेला, आता हा पडतोय असं वाटलं, आणि त्याच पायावर त्याने ती उडी सावरली. आजही ते दृश्य बघताना माझा श्वास अडकतो.

चेनचं धैर्य वेगळ्या जातीचं. त्याच स्पर्धेत शॉर्ट प्रोग्राममध्ये, म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीत तो कोसळला, थेट सतराव्या स्थानावर. दुसऱ्या दिवशी त्याने सहा क्वाड मारले, म्हणजे हवेत चार गिरक्यांच्या सहा उड्या. फ्री स्केटमध्ये पहिला, एकूण पाचवा. बीजिंगच्या फ्री स्केटमध्ये मात्र त्याने पाचच क्वाड ठेवले. मला हा चेन जास्त आवडतो. शॉर्ट प्रोग्राममध्ये ११३.९७ गुणांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याच्या अंगात कुठे घाई म्हणून नव्हती.

अर्थात, क्वाड म्हणजेच सगळं, असंही नाही. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने एकही क्वाड न मारता, क्वाड मारणाऱ्या रशियाच्या येवगेनी प्लुशेंकोला १.३१ गुणांनी मागे टाकलं होतं.

आता बीजिंगचा हान्यू. शॉर्ट प्रोग्राममध्ये त्याचं पातं बर्फातल्या खाचेत अडकलं, चार गिरक्यांची साल्काव एकाच गिरकीवर संपली आणि तो आठवा राहिला. पदक हवं असतं तर फ्री स्केटमध्ये त्याने हमखास जमणाऱ्या उड्या घेतल्या असत्या. त्याने सुरुवातच केली क्वाड ॲक्सलने. ॲक्सल ही एकच उडी समोर तोंड करून घेतात, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जादा, एकूण साडेचार. तोवर कुणालाही स्पर्धेत ती जमली नव्हती. तो पडला, उठला, पुढचा कार्यक्रम पूर्ण केला आणि चौथा आला. त्या दिवशी सुवर्ण चेनचंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी माझी नजर राहिली ती या पडण्यावर.

सात महिन्यांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेत लेक प्लॅसिडला तिथलाच सतरा वर्षांचा स्केटर इलिया मालिनिन त्याच उडीसाठी झेपावला आणि एका पायावर स्वच्छ उतरला. हिची प्रेरणा आपल्याला हान्यूकडून मिळाली, असं त्याने स्वतः सांगितलं आहे.

नमस्कार.