डॅशबोर्डवरचा दिवा आणि हातातलं एस्टिमेट

नमस्कार श्रोतेहो.

किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, पण एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा काही विझला नाही. गाडी दाखवायला नेली तर संध्याकाळी हातात एस्टिमेट येतं: ‘एबीएस मॉड्युलेटर बदलावा लागेल.’ म्हणजे ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा भाग. आकडा बघून कुणी मुकाट्याने पैसे भरतो, कुणी म्हणतो, राहू दे, ब्रेक तर लागतायत ना. दोन्हीकडे नुकसान आपलंच. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे की पैसे भरण्याआधी नेमका दोष शोधून मागा. तो बऱ्याचदा एस्टिमेटमध्ये लिहिलेल्या महागड्या भागात नसतोच.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १२५ सीसीवरच्या मोटरसायकलींनाही. अगदी साध्या, छोट्या गाडीतही ते आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर आला, त्याची वायर आली, आणि दिवा लागण्याची चार नवी ठिकाणं आली.

हा सेन्सर बोटाच्या पेराएवढा असतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत चाकाच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकाची पातळ चकती असते. उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे ध्रुव तिच्यात गोलाकार मांडलेले असतात. चाक फिरलं की सेन्सर ते मोजतो. दोघांमध्ये जेमतेम एखाद्या मिलिमीटरचं अंतर. आता ब्रेक डिस्क झिजताना लोखंडाची बारीक पूड उडते, ती या चुंबकाला चिकटते. पावसाळ्यात चिखल बसतो. कोकणात, समुद्राकाठी सेन्सरच्या बैठकीला गंज चढतो, तो फुगतो आणि सेन्सरला वर उचलतो. अंतर वाढलं की सिग्नल तुटक होतो आणि दिवा लागतो. अशा वेळी सेन्सर काढून बैठक आणि टोक स्वच्छ केलं की काम होतं. सेन्सर गंजाने धरला असेल तर पक्कडीने ओढू नका, तो हमखास तुटतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबायचं आणि मग हळूहळू फिरवत काढायचा.

पुढच्या चाकांची वायर स्टिअरिंगबरोबर सतत वाकते, त्यामुळे आवरण शाबूत दिसत असलं तरी आतली तार तुटलेली असू शकते. उंदरांनी कुरतडलेली वायर तर नेहमीचीच.

आणखी एक दोष खूप दिसतो. चाकाचा घरघर आवाज येत होता म्हणून बेअरिंग बदललं, आवाज गेला आणि एबीएसचा दिवा लागला. म्हणजे बेअरिंग उलटं बसलं. चुंबकाची बाजू सेन्सरकडे यायला हवी, ती दुसरीकडे गेली. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या असतात. बसवण्याआधी एक हलकी कागदाची पिन दोन्ही सीलांना लावून बघायची. जिकडे ओढली जाईल ती बाजू सेन्सरकडे. एवढं न केल्यामुळे नवं बेअरिंग पुन्हा प्रेसखाली जातं, आणि काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही.

मग गॅरेजमध्ये काय मागायचं? स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, लावून आलेला कोड लिहून घ्या. सी ००३५ हा प्रमाणित कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा. पण कोड फक्त सर्किट सांगतो, सेन्सरच बिघडला असं सांगत नाही. म्हणून स्कॅनरवर चारही चाकांचा वेग उघडायला सांगा आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने गाडी चालवायला सांगा. स्क्रीन दुसऱ्याने बघायची. तीन चाकं वीस दाखवतात आणि एक शून्यावर जातं किंवा उड्या मारतं, तर दोष त्याच कोपऱ्यात आहे. आणि हो, चुंबकाच्या चकतीवर चालणारा हा नव्या प्रकारचा सेन्सर मल्टिमीटरवर (विजेच्या मोजमापाच्या मीटरवर) ओहम, म्हणजे तारेचा रोध, मोजून तपासता येत नाही. तसा मोजून ‘खराब’ ठरवला असेल तर पुन्हा तपासायला सांगा.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, जोरात दाबल्यावर चाकं मात्र जाम होऊ शकतात. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा.

एअरबॅगच्या दिव्याचं गणित वेगळं. सीटखाली पाण्याची बाटली किंवा छत्री ठेवली, सीट मागेपुढे केली, आणि पिवळा कनेक्टर ढिला झाला, एवढ्याने दिवा लागतो. दिव्यासोबत हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं बंद पडली असतील तर संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्यायचा. स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली ही पट्टीसारखी तार. नवी येते ती मध्यावर लॉक करून. चाकं सरळ न ठेवता बसवली तर पहिल्याच पूर्ण वळणाला तुटते. हे काम घरी करू नका. पिवळ्या वायरी म्हणजे एअरबॅगच्या, त्यांना मल्टिमीटर लावला तर बॅग फुटू शकते. मेकॅनिकनेसुद्धा बॅटरीची निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायलाच हवं.

आता किमतीकडे येऊ. इथे राग येणं अगदी रास्त आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण त्या आदेशातला एक मुद्दा लक्षात ठेवावा असा आहे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

जुना सेन्सर हातात घेऊन नीट बघा. त्यावर कारच्या कंपनीखेरीज तो बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. बॉशच्या अशा सेन्सरचा क्रमांक ०२६५ ने सुरू होतो. तोच क्रमांक बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात मिळतो का, हे सुट्या भागांच्या दुकानात विचारा. खोक्यावर एमआरपी असलीच पाहिजे आणि बिल पक्कं घ्या. भंगारातून आरसा घ्या, दिवा घ्या, दाराची काचसुद्धा घ्या. एअरबॅग आणि सीटबेल्ट कधीही घेऊ नका. अपघातात बेल्ट झटक्यात ताणणारा प्रीटेन्शनर एकदाच उडतो, आणि उडालेला बेल्ट वरून चांगला दिसू शकतो.

विम्यातली एक अट फार थोड्यांना माहीत असते. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत एअरबॅगवर ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, कापला जातो, म्हणजे नव्या बॅगची निम्मी किंमत तुमच्या खिशातून. झिरो डेप्रिसिएशन हे जोड कव्हर घेतलं असेल तर ही कपात टळते. एअरबॅग फुटल्यावर बॅग, बेल्ट, कंट्रोल युनिट अशी यादी वाढत जाते, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी या एका ओळीकडे बघाच.

बिलाबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, तक्रारीत तोच उपयोगी पडतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक तपासणी जरूर करावी. काही लोक दुरुस्तीऐवजी दिवाच बंद करून गाडी विकतात. इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’वर फिरवा. एबीएस आणि एअरबॅग, दोन्ही दिवे लागले पाहिजेत आणि एअरबॅगचा काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. इंजिन सुरू होताच तो ऑइलच्या दिव्याबरोबर, अगदी त्याच क्षणी विझत असेल, तर त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशा गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय बयाणा देऊ नका.